संकरित क्रीडा मोटारगाडी

संकरित क्रीडा मोटारगाडी : वेगवान व चपळ चालनासाठी मुद्दाम बनविलेल्या, सामान्यतः दोन आसनांच्या व जमिनीलगत बसणाऱ्या मोटारगाडीस क्रीडा मोटारगाडी म्हणतात. अशा गाडीत पेट्रोलवर चालणारे अंतर्ज्वलन एंजिन आणि विद्युत् चलित्र अशी दोन्ही चालक साधने असल्यास ती संकरित क्रीडा मोटारगाडी होय. विद्युत् चलित्राला ऊर्जा पुरविणारी घटमाला घरातील वा रस्त्यालगतच्या विद्युत् पुरवठ्याला जोडून भारित करता येत असेल, तर त्या गाडीला प्लग-इन संकरित गाडी असे म्हणतात. या वर्गातील बहुतेक गाड्यांत एंजिन चालकाच्या पाठीमागे, परंतु मागील आसाच्या पुढे बसविलेले असते. या मांडणीला मध्यस्थ एंजिन मांडणी हे नाव आहे. प्रस्तुत लेखात मध्यस्थ एंजिन असलेल्या प्लग-इन संकरित क्रीडा गाड्यांचा विचार केला आहे. या गाड्या संख्येने थोड्या व किंमतीने फार महाग असल्या, तरी एंजिनाकडून विद्युत् चलित्राकडे होत असलेल्या संक्रमणाचे स्वरूप त्यांत स्पष्टपणे पहावयास मिळते. म्हणूनच एंजिनाचे सुटे भाग बनविणाऱ्या सोलापूरसारख्या शहराच्या दृष्टीनेही त्यांचा अभ्यास उपयुक्त आहे.

मध्यस्थ एंजिनाची मांडणी : मोटारगाडीत सर्वांत जड भाग एंजिन व दंतचक्रपेटी हे असतात. ते कोठे बसवावेत यावर गाडीची वळणावरील वागणूक अवलंबून असते. एका काठीच्या दोन्ही टोकांना वजने बांधून ती मध्यभागी धरून फिरविण्याचा प्रयत्न केल्यास बराच जोर लावावा लागतो; तीच वजने काठीच्या मध्याजवळ आणल्यास काठी सहज फिरते व सहज थांबते. भौतिकीच्या भाषेत, वजने मध्याजवळ आल्याने काठीचे निरूढी परिबल कमी होते. एंजिन दोन आसांच्या दरम्यान आणल्याने गाडीच्या बाबतीत हाच परिणाम साधतो व चालनचक्र फिरविताच गाडी त्वरेने दिशा बदलते. दुसरा लाभ कर्षणाचा आहे. गाडी वेग घेऊ लागली की, तिचा भार मागील चाकांकडे सरकतो. एंजिनाचे वजनही तिकडेच असल्यास मागील चाके रस्त्यावर घट्ट दाबली जातात व निसटत नाहीत. या मांडणीचे तोटेही आहेत. मागील आसनांना जागा उरत नाही, सामानाची जागा थोडी राहते, एंजिनाची उष्णता व आवाज चालकाच्या अगदी पाठीशी असतो आणि दुरुस्तीसाठी हात पोहोचणे अवघड जाते. प्रवासी गाड्यांत ही मांडणी क्वचितच आढळते, त्याचे कारण हेच होय.

फेर्डिनांट पोर्श यांनी अभिकल्पिलेल्या व १९३४ साली शर्यतीत उतरलेल्या ऑटो युनियन गाडीत सोळा सिलिंडरांचे एंजिन चालकाच्या पाठीमागे होते. तथापि, या मांडणीचा निर्णायक प्रसार १९५० नंतर झाला. जॅक ब्रॅबम यांनी १९५९ साली कूपर या ब्रिटिश गाडीतून फॉर्म्युला वनचे जागतिक विजेतेपद मिळविले. त्यानंतर या स्पर्धेचे विजेतेपद पुढे एंजिन असलेल्या गाडीला कधीही मिळालेले नाही. रस्त्यावरील गाड्यांत १९६६ सालची इटालियन लँबोर्गिनी म्यूरा ही महत्त्वाची ठरली. तिचे बारा सिलिंडरांचे एंजिन चालकामागे आडवे बसविलेले होते.

संकरित संहती : एकाच गाडीत एंजिन व विद्युत् चलित्र वापरण्याची कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. पोर्श यांनीच व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यात असताना १९०० साली अशी गाडी बनविली होती. एंजिनाने जनित्र फिरवावे आणि त्या विजेवर चाकांतील चलित्रे चालावीत, अशी तिची रचना होती. पुढे पेट्रोल स्वस्त व एंजिने कार्यक्षम झाल्याने ही कल्पना मागे पडली. १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियस गाडीने तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. विद्युत् पुरवठ्याला जोडून भारित करता येणारी संकरित गाडी मोठ्या प्रमाणावर प्रथम चीनच्या बीवायडी या कंपनीने २००८ च्या अखेरीस बाजारात आणली. शर्यतींच्या क्षेत्रात २०१२ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत प्रथमच एका संकरित गाडीने (आउडी आर १८) जिंकली, तर फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून सर्व गाड्या संकरित आहेत.

संकरित गाड्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. क्रमिक प्रकारात एंजिन चाकांना जोडलेले नसते. ते केवळ जनित्र फिरविते व चाके विद्युत् चलित्राने फिरतात. समांतर प्रकारात एंजिन व चलित्र ही दोन्ही चाकांना शक्ती देऊ शकतात. प्रसंगानुसार त्यांपैकी एक वा दोन्ही वापरतात. क्रीडा गाड्यांत समांतर प्रकारच अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात दोन्ही साधनांच्या शक्तीची बेरीज करता येते. त्यातही दोन मांडण्या रूढ आहेत. एका मांडणीत चलित्र एंजिन व दंतचक्रपेटी यांच्या दरम्यान बसवून दोहोंची शक्ती मागील चाकांकडेच पाठवितात. दुसऱ्या मांडणीत एंजिन मागील चाकांना व चलित्र पुढील चाकांना जोडलेले असते. पुढील व मागील चाके यांच्यामध्ये कोणताही यांत्रिक दंड नसतो. त्यांचा मेळ केवळ इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाद्वारे राखला जातो.

दोन चालक साधनांचे गुणधर्म एकमेकांना पूरक आहेत. पेट्रोल एंजिनाचे पीडन परिबल ठरावीक फेऱ्यांनंतरच पूर्णत्वास पोहोचते. एंजिनाला टर्बोचार्जर जोडलेला असल्यास निष्कास वायूंनी त्याचे चक्र वेगाने फिरू लागेपर्यंत क्षणभराचा विलंबही होतो. उलट, विद्युत् चलित्र स्थिर अवस्थेपासूनच पूर्ण पीडन परिबल देते. म्हणून प्रारंभीच्या क्षणी चलित्राने जोर द्यावा व वेग वाढल्यावर एंजिनाने भार उचलावा, अशी योजना करतात. चलित्र उलट दिशेनेही तितक्याच सहजतेने फिरते. यामुळे या वर्गातील काही गाड्यांच्या दंतचक्रपेटीत मागे जाण्याचे दंतचक्रच ठेवलेले नाही. गाडी मागे घेण्याचे काम चलित्रच करते.

घटमाला व ऊर्जेचा हिशेब : या गाड्यांत लिथियम-आयन घटांची माला वापरतात. प्लग-इन संकरित गाडीतील घटमाला पूर्ण विद्युत् गाडीतील घटमालेपेक्षा बरीच लहान असते. असे का, ते बीएमडब्ल्यू आय ८ या जर्मन गाडीच्या उदाहरणावरून समजू शकेल. या गाडीच्या २०१४ सालच्या आवृत्तीतील घटमाला ९८ किग्रॅ. वजनाची असून तिची धारकता ७.१ किलोवॉट-तास (किवॉ. ता.) होती. घटांचे आयुष्य टिकावे म्हणून त्यांपैकी ५.२ किवॉ. ता. एवढीच ऊर्जा वापरात आणीत. एक लिटर पेट्रोलमध्ये सु. ९ किवॉ. ता. ऊर्जा असते व त्याचे वजन सु. पाऊण किग्रॅ. भरते. म्हणजे ९८ किग्रॅ. वजनाच्या घटमालेत एक लिटर पेट्रोलइतकीही ऊर्जा नव्हती. मात्र एंजिनात पेट्रोलमधील ऊर्जेपैकी सु. ३० टक्केच चाकांपर्यंत पोहोचते व बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विद्युत् चलित्रात ८५ ते ९० टक्के ऊर्जा कामी येते. हे लक्षात घेता घटमालेतील वापरण्याजोगी ऊर्जा व्यवहारात सु. पावणेदोन लिटर पेट्रोलच्या बरोबरीची ठरते. घटमाला मोठी केल्यास विजेवरील पल्ला वाढतो, परंतु वजन वाढून क्रीडा गाडीचा मूळ गुणच कमी होतो. या दोहोंतील तडजोड म्हणून या वर्गातील बहुतेक गाड्यांत ४ ते ८ किवॉ. ता. धारकतेची घटमाला आढळते. वजन मध्याजवळ व खाली रहावे म्हणून ती गाडीच्या मधल्या बोगद्यात किंवा आसनांच्या पाठीमागे बसवितात.

घटमालेतील ऊर्जेची काही प्रमाणात भर ब्रेक लावताना होते. सामान्य गाडीत ब्रेक लावला असता गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होऊन नष्ट होते. संकरित गाडीत त्या वेळी चाकांकडून चलित्र फिरविले जाते व ते जनित्राचे काम करते. यास पुनर्जनक ब्रेकक्रिया म्हणतात. चालकासह १,६०० किग्रॅ. वजनाची गाडी ताशी १०० किमी. वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सु. ६१७ किलोजूल, म्हणजे सु. ०.१७ किवॉ. ता. असते. ती सर्वच परत मिळाली असे मानले, तरी वर उल्लेखिलेल्या घटमालेच्या वापरण्याजोग्या ऊर्जेचा तो सु. तिसावा भाग होतो. प्रत्यक्षात याहून कमीच ऊर्जा परत मिळते. शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासात ही बचत लक्षणीय ठरते. मोकळ्या महामार्गावर तिचा उपयोग थोडा होतो.

घटमालेचा विद्युत् दाब काहीशे व्होल्ट असतो (आय ८ मध्ये ३५५ व्होल्ट). म्हणून उच्च दाबाच्या तारांचे वेष्टन नारिंगी रंगाचे ठेवण्याचा संकेत आहे. अपघातानंतर मदतीस येणाऱ्यांनी व दुरुस्ती करणाऱ्यांनी त्यांना प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये, असा त्याचा अर्थ होय. घटांना अतिशय उष्णता मानवत नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी स्वतंत्र शीतन व्यवस्था करावी लागते. आय ८ मध्ये ते काम वातानुकूलन यंत्रणेतील शीतकच करतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० से. च्या वर जाणाऱ्या सोलापूरसारख्या ठिकाणी या व्यवस्थेवर अधिक भार पडतो, हे उघड आहे.

प्रमुख गाड्या : या वर्गाच्या जडणघडणीत एका भारतीय मालकीच्या कंपनीचा वाटा आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने २००८ साली जॅग्वार ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली. जॅग्वारने २०१० साली पॅरिसच्या प्रदर्शनात सी-एक्स ७५ ही संकल्पित गाडी मांडली. तिच्या प्रत्येक चाकास १४५ किवॉ. शक्तीचे स्वतंत्र चलित्र होते आणि चालकामागे बसविलेली दोन लहान वायू टरबाइने घटमाला भारित करीत. मे २०११ मध्ये विल्यम्स या शर्यतीच्या गाड्या बनविणाऱ्या कंपनीच्या सहकार्याने अशा २५० गाड्या बनविण्याचे ठरले. टरबाइने रस्त्यावरील वापरासाठी सिद्ध झालेली नसल्याने त्यांऐवजी १.६ लिटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन व दोन चलित्रे घेण्यात आली. हे लहान एंजिन मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत फिरे. तथापि, आर्थिक परिस्थिती प्रतिकूल असल्याचे कारण देऊन डिसेंबर २०१२ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. चाचणीसाठी बनविलेले नमुने तेवढे मागे राहिले.

जॅग्वारने सोडलेली वाट इतरांनी पूर्ण केली. पोर्श ९१८ स्पायडर (२०१३–१५) या गाडीत ४.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे एंजिन व दोन चलित्रे असून त्यांची एकत्रित शक्ती ६५२ किवॉ. होती. नावाप्रमाणेच तिच्या ९१८ प्रती निघाल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग या अवघड मार्गाची फेरी ६ मिनिटे ५७ सेकंदांत पुरी केली. मक्लॅरेन पी १ ही ब्रिटिश गाडी त्याच काळातील असून तिच्या ३७५ प्रती विकण्यात आल्या. या दोन्ही गाड्यांत विजेचा हेतू प्रामुख्याने वेग वाढविणे हा होता.

बीएमडब्ल्यू आय ८ या गाडीची दिशा वेगळी होती. तिच्यात केवळ दीड लिटरचे तीन सिलिंडरांचे एंजिन (१७० किवॉ.) मागील चाकांसाठी व ९६ किवॉ. शक्तीचे चलित्र पुढील चाकांसाठी होते. बैठकीचा भाग कार्बन तंतूंच्या संमिश्रापासून व त्याखालील सांगाडा ॲल्युमिनियमचा असल्याने घटमाला धरूनही तिचे वजन १,४८५ किग्रॅ. राहिले. ती ४.४ सेकंदांत ताशी १०० किमी. वेग घेई आणि प्रमाणित चाचणीनुसार केवळ विजेवर ३७ किमी. पर्यंत जाई. जर्मनीतील लाइपसिक येथील कारखान्यात २०१४ ते २०२० या काळात तिच्या २०,००० हून अधिक प्रती तयार झाल्या. त्यामुळे ती या वर्गातील पहिली खऱ्या अर्थाने मालिका-उत्पादित गाडी मानली जाते. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईत सचिन तेंडुलकर यांच्या उपस्थितीत ती विक्रीसाठी आली, तेव्हा तिची किंमत २.२९ कोटी रुपये होती.

पुढील दशकात इतर कंपन्यांनीही हा मार्ग स्वीकारला. फेरारीच्या एसएफ ९० स्ट्राडाले (२०१९) या गाडीत आठ सिलिंडरांचे एंजिन व तीन चलित्रे मिळून ७३५ किवॉ. शक्ती मिळते. त्याच कंपनीच्या २९६ जीटीबी (२०२१) व मक्लॅरेनच्या आर्टुरा (२०२१) या गाड्यांत सहा सिलिंडरांचे सु. ३ लिटरचे एंजिन व एकेक चलित्र आहे. त्यांचा विजेवरील पल्ला अनुक्रमे २५ व ३० किमी. सांगितला जातो. लँबोर्गिनीने रेव्हुएल्टो (२०२३) या गाडीत बारा सिलिंडरांचे ६.५ लिटरचे एंजिन कायम राखून त्याला तीन चलित्रांची जोड दिली. तिची घटमाला मात्र ३.८ किवॉ. ता. एवढीच आहे. काही गाड्यांत विजेमुळे एंजिन लहान करता आले, तर काहींत मोठे एंजिन टिकवून धरण्यासाठीच विजेचे साह्य घेतले गेले, असे या उदाहरणांवरून दिसते.

महाराष्ट्रातील प्रयत्न : महाराष्ट्रातील मोटारगाडी उद्योगाचा उगम सोलापूरशी निगडित आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व अमेरिकेच्या क्राइस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्यांची जुळणी सुरू केली. पुढे फियाटच्या सहकार्याने बनलेल्या तिच्या लहान गाड्या अनेक दशके मुंबईच्या रस्त्यांवर सर्वत्र दिसत.

मध्यस्थ एंजिन व संकरित संहती या दोन्ही कल्पनांवर महाराष्ट्रात स्वतंत्रपणे काम झाले. दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीने २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात अवंती ही मध्यस्थ एंजिनाची दोन आसनी गाडी सादर केली आणि पुण्याजवळ तिचे उत्पादन केले. तिचे दोन लिटरचे एंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे होते. टाटा मोटर्सने २०१७ साली जिनीव्हा येथे रेसमो ही १.२ लिटर एंजिनाची छोटी दोन आसनी गाडी दाखविली. तिचेही एंजिन मध्यस्थ होते, परंतु ती विक्रीस आली नाही. या दोन्ही गाड्या संकरित नव्हत्या. मुंबईच्या वाझिरानी या संस्थेने २०१८ साली इंग्लंडमधील गुडवुड येथे शूल ही संकल्पित गाडी मांडली. लहान टरबाइनाने वीज निर्माण करून चलित्रे चालवावीत, अशी तिच्यामागील कल्पना होती. दुसरीकडे पुण्यातील केपीआयटी कमिन्स या कंपनीने भारत फोर्जच्या साह्याने २०१० साली रेव्होलो नावाचा संच जाहीर केला. जुन्या गाडीच्या एंजिनाला चलित्र व विद्युत् पुरवठ्यावर भारित होणारी घटमाला जोडून तिला समांतर संकरित रूप देण्याचा तो उपाय होता. क्रीडा गाडीच्या झगमगाटापासून दूर असलेला हा संच तत्त्वतः तिच्याच जातीचा होता. खाजगी गाड्यांत मात्र त्याचा प्रसार झाला नाही.

सोलापूर आणि कॅम दंड : एंजिनाच्या सिलिंडरातील झडपा योग्य क्षणी उघडण्याचे काम कॅम दंड करतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत कॅम दंडाची एक फेरी होते व प्रत्येक उंचवटा आपापली झडप दाबून उघडतो. आय ८ च्या तीन सिलिंडरांच्या एंजिनात १२ झडपा व २ कॅम दंड आहेत, तर २९६ जीटीबीच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनात २४ झडपा व ४ कॅम दंड आहेत. उंचवट्याचा पृष्ठभाग झिजू नये इतका कठीण व दंडाचा गाभा तडकू नये इतका चिवट असावा लागतो. यासाठी एक जुनी व युक्तीची पद्धत आहे. वाळूच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे बसवितात आणि त्यात वितळलेले बिडाचे लोखंड ओततात. धातूला लागलेला भाग झपाट्याने थंड होऊन तेथे कठीण पांढरे बीड तयार होते. वाळूला लागलेला भाग सावकाश थंड होऊन तेथे मऊ करडे बीड राहते. अशा रीतीने एकाच ओतकामात दोन गुण साधतात.

या पद्धतीचे कॅम दंड बनविणारा मोठा कारखाना सोलापुरात आहे. यतिन शहा यांनी १९९२ साली स्थापन केलेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे कारखाने अक्कलकोट रस्ता व चिंचोळी येथील औद्योगिक क्षेत्रांत आहेत. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती सुझुकी, टाटा मोटर्स इ. कंपन्यांना तिने कॅम दंड पुरविले आहेत. २०१६ साली तिचे भाग सार्वजनिक विक्रीस आले. कॅम दंडाच्या भवितव्याचा प्रश्न या कंपनीपुढे तेव्हापासूनच होता. विद्युत् चलित्राला झडपा नसतात. म्हणून पूर्ण विद्युत् गाडीत एकही कॅम दंड लागत नाही. संकरित गाडीत मात्र एंजिन असल्याने तो लागतोच. कंपनीने २०१८ साली नेदर्लंड्समधील एमॉस या, मालमोटारी व बसगाड्यांसाठी विद्युत् संच बनविणाऱ्या कंपनीत ५१ टक्के वाटा घेतला आणि पुढे लहान मालवाहू गाडीतील एंजिन काढून तेथे विद्युत् संच बसविण्याचे काम हाती घेतले. संकरित गाडी ज्याप्रमाणे दोन चालक साधने एकत्र बाळगते, त्याचप्रमाणे एंजिनावर पोट असलेल्या उद्योगालाही संक्रमणकाळात दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात.

सोलापूरला या प्रश्नाचे गांभीर्य नवे नाही. १८७७ साली सुरू झालेल्या कापड गिरणीपासून पुढे या शहराचे जीवन गिरण्यांभोवती वाढले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा हजारो कामगार कुटुंबांना त्याची झळ पोहोचली. एका तंत्रावर उभा असलेला रोजगार ते तंत्र मागे पडताच कसा धोक्यात येतो, हे शहराने अनुभवले आहे. ओतकाम, यंत्रण व मापन यांत तयार झालेले कसबी कामगार नव्या प्रकारच्या भागांकडे वेळीच वळविता येतात की नाही, यावर एंजिनाच्या भागांच्या उद्योगाचे पुढील यश अवलंबून आहे. संकरित गाड्यांमुळे या बदलास लागणारा अवधी मिळतो. बदल मात्र टळत नाही.

मूल्यमापन : प्लग-इन संकरित गाडीचा इंधनखर्च चाचणीत फार कमी दिसतो. आय ८ चा प्रमाणित खर्च १०० किमी. ला २.१ लिटर असा होता. या आकड्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. त्या काळच्या यूरोपीय नियमानुसार गाडी प्रथम विजेवरील पूर्ण पल्ला चालते, नंतर रिकाम्या घटमालेने २५ किमी. चालते व मग पुन्हा भारित केली जाते, असे गृहीत धरून सरासरी काढीत. प्रत्यक्षातील प्रवास असा असेलच असे नाही. सोलापूरहून पुण्यास जाणाऱ्या गाडीचे उदाहरण घेता येईल. हे अंतर सु. २५० किमी. आहे. पूर्ण भारित घटमालेने निघालेली आय ८ फार तर मोहोळच्या आसपास पोहोचेपर्यंत विजेवर चालेल. उरलेले सु. २१३ किमी. ती एंजिनावर जाईल. एंजिनाला १०० किमी. ला ७ लिटर पेट्रोल लागते असे धरल्यास या प्रवासात सु. १५ लिटर पेट्रोल खर्च होईल, म्हणजे सरासरी १०० किमी. ला ६ लिटर पडेल. प्रमाणित आकड्याच्या जवळजवळ तिप्पट असा हा खर्च आहे. तीच गाडी शहरातल्या शहरात वापरून रोज रात्री भारित केल्यास पेट्रोल जवळजवळ लागणारच नाही. गाडी तीच असूनही वापराच्या सवयीमुळे एवढा फरक पडतो. यूरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सर्व प्रकारच्या प्लग-इन संकरित गाड्यांचे प्रत्यक्ष रस्त्यावरील कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आढळले. अनेक मालक गाडी नियमितपणे भारित करीत नाहीत, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

वीज कोठून येते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सोलापूरजवळ फताटेवाडी येथे राष्ट्रीय औष्णिक ऊर्जा महामंडळाचे १,३२० मेगॅवॉट क्षमतेचे कोळशावरील विद्युत् केंद्र असून त्याचे दोन संच २०१७ व २०१९ साली कार्यान्वित झाले. कोळशापासून एक किवॉ. ता. वीज निर्माण करताना सु. ०.९ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. जल, वारा, सूर्य इत्यादींसह भारतातील सर्व विजेची सरासरी सु. ०.७ किग्रॅ. आहे. आय ८ ला विजेवर १०० किमी. जाण्यास प्रमाणित चाचणीत ११.९ किवॉ. ता. लागत. म्हणजे केवळ कोळशाच्या विजेवर दर किमी. ला सु. १०७ ग्रॅम व सरासरी विजेवर सु. ८३ ग्रॅम उत्सर्जन होते. १०० किमी. ला ७ लिटर पेट्रोल जाळल्यास हाच आकडा सु. १६० ग्रॅम येतो. म्हणजे कोळशाच्या विजेवरही काही लाभ होतोच; सौर व पवन विजेचा वाटा वाढेल, तसतसा तो वाढत जाईल.

भारतात या गाड्यांच्या प्रसाराला किंमत, कर व रस्ते यांच्या मर्यादा आहेत. त्यांचा तळ जमिनीपासून सु. १२ सेंमी. उंचीवर असल्याने रस्त्यावरील गतिरोधक उंचवटे त्यांना अडचणीचे ठरतात; यासाठी काही गाड्यांत पुढचा भाग थोडा वर उचलण्याची सोय करतात. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एंजिनाच्या संकरित गाड्यांवर ४० टक्के, तर पूर्ण विद्युत् गाड्यांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यामुळे भारतात संकरित क्रीडा गाड्यांची संख्या मर्यादितच राहील, असे दिसते. त्यांत विकसित झालेली तंत्रे मात्र सामान्य गाड्यांत उतरत आहेत. लहान एंजिनाला चलित्राची जोड, यांत्रिक दंडाविना चारही चाकांना शक्ती, ब्रेक लावताना ऊर्जेची पुनर्प्राप्ती आणि हलकी संमिश्र द्रव्ये ही त्यांची उदाहरणे होत. या गाड्यांचे महत्त्व त्यांनी गाठलेल्या वेगापेक्षा या तंत्रांच्या प्रसारात अधिक आहे.